दर लिटरला एक टोपण

परवा पेट्रोल भरायला गेलो, तर पंपावरच्या बाईनं टाकीत नळी घालायच्या आधी बोटभर उंचीची एक बाटली माझ्या नाकासमोर धरली. "काका, हे टाकू का? इंजिन आतून साफ ऱ्हातंय. समदे घ्यायलेत." मी नको म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणालो आणि तेवढ्यानंच दमलो. हल्ली नको म्हणायलासुद्धा ताकद लागते. बाटली वाईट नसेलही. आतलं औषध काय करतं हे मला ठाऊक नाही, तिलाही नसावं. पण पेट्रोलमध्ये वरून काही घालायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं एक माणूस उभा राहतो, आणि एकदा उभा राहिला की दिवसभर बसत नाही.

आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी इतिहास. शाळा मुरुमपासून वीसेक किलोमीटरवरच्या एका खेड्यात होती, राहायला आम्ही दोघंही मुरुमला. रोज सकाळी दोन गाड्या पुढंमागं निघायच्या, संध्याकाळी पुढंमागं परत यायच्या. उंच, वाळकं शरीर, जाड भिंगांचा चष्मा, आणि पॅन्टच्या उजव्या खिशाला कायमचा तेलाचा डाग. त्यांच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी टू-टी तेलाची एक बाटली असायची. तिचं टोपण हेच त्यांचं माप. दर लिटरला एक टोपण. पोरं त्यांना पाठीमागं 'टू-टी सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि मला वाटतं आवडतही होतं.

ज्यांनी जुन्या स्कूटरी चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. त्या इंजिनाला स्वतःचं वेगळं तेल नसायचं. पेट्रोलमध्ये मिसळून जाईल तेवढंच त्याच्या वाट्याला यायचं. तेल घालायचं राहिलं की इंजिन जाम. सरांनी अशी स्कूटर पंचवीस वर्षं चालवली. मग त्यांनी आणि मी एकाच दसऱ्याला, उमरग्याच्या एकाच दुकानातून, एकसारख्या दोन काळ्या मोटारसायकली घेतल्या. या नव्या गाड्यांच्या इंजिनात तेल वेगळं भरलेलं असतं, पेट्रोलमध्ये घालावं लागत नाही. दुकानदारानं हे सांगितलं, गाडीबरोबरच्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं, मीही चार वेळा सांगितलं. सरांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि टोपण चालू ठेवलं.

"खालचं तेल खाली ऱ्हातंय," ते म्हणायचे. "वरच्या अंगाला कोण बघणार?"

कोरडं काही म्हणून त्यांना सहन व्हायचं नाही. शाळेच्या घंटेची कडी, हातपंपाचा दांडा, भूगोलाच्या वर्गातला पृथ्वीचा गोल, सगळ्याला त्यांच्या खिशातल्या पिचकारीतून दोन दोन थेंब मिळायचे. एकदा त्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारालाही तेल घातलं. त्या दाराच्या करकरीवर आमची सगळ्यांची भिस्त होती. दार वाजलं की साहेब निघाले हे कळायचं आणि माणूस सावरून बसायचा. तेल घातल्यापासून साहेब न कळत आमच्या डोक्यावर येऊन उभे राहायला लागले. त्या महिन्यात त्यांनी दोघांना टेबलावर डोकं ठेवून झोपलेलं पकडलं, त्यातला एक मी होतो. सरांना मी फाडफाड बोललो. ते म्हणाले, "दार किती दिवस रडायलं होतं, तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

त्यांच्या घरी कोणी नव्हतं. बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी आजारात गेली, मूल नव्हतं. दुसरं लग्न का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर ते गाडीची साखळी पुसायला लागले. पुन्हा विचारलं नाही.

दर जूनमध्ये नव्या वर्गात गेले की ते फळ्यावर एकच वाक्य लिहायचे, 'करून बघितल्याशिवाय बोलू नये'. मग ते वाक्य महिनाभर पुसू द्यायचे नाहीत. त्याच फळ्यावर मला पानिपत शिकवावं लागायचं. ते काही करून बघण्यासारखं नव्हतं.

हेच वाक्य एक दिवस त्यांच्या अंगावर उलटलं, आणि उलटवलं माझ्या मुलीनं. ती रोज माझ्याच गाडीवर शाळेत यायची, तेव्हा नववीत त्यांच्याच वर्गात होती. भर तासाला उठून तिनं विचारलं, "सर, गाडीच्या पुस्तकात तर पेट्रोलमधी तेल घालू नका म्हणून लिहिलंय. मग तुम्ही कामून घालता? करून बघितलंय का?"

संध्याकाळी सर स्टाफरूममध्ये आले ते हसतच. मला वाटलं होतं, पोरीची तक्रार येणार. ते म्हणाले, "तुमच्या पोरीनं आज मला धरलं. बरोबर धरलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर प्रयोग जाहीर केला. दोन गाड्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच रस्त्यावर चालणाऱ्या, एकाच पंपावर पेट्रोल पिणाऱ्या. सरांच्या गाडीत तेल, माझ्या गाडीत तेल नाही. चाळीस हजार किलोमीटर झाले की दोन्ही इंजिनं उघडायची आणि बघायचं. "माझं खोटं निघालं तर मी इथंच, शाळेसमोर उभं राहून चुकलो म्हणून सांगीन," असं ते पोरांना म्हणाले. आणि माझ्या मुलीकडं बघून, "तुला तर आधी सांगीन."

"यात मी काय करायचं?" मी त्यांना विचारलं.

"तुम्ही काहीच करायचं नाही."

ते मला जमण्यासारखं होतं.

इथं आमच्या शाळेची एक रीत सांगायला हवी. गाड्या लावायची शेड एवढीशी आणि गाड्या चौदा. एकीला एक खेटून लावलेल्या. मागची काढायची तर पुढच्या चार हलवायला लागायच्या. म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या स्टाफरूममध्ये एका फळीवर, ज्याच्या त्याच्या खिळ्याला. कोणीही यावं, किल्ली घ्यावी, गाडी सरकवावी, किल्ली परत अडकवावी. इतक्या वर्षांत त्या फळीवरच्या किल्लीबद्दल कधी कोणाच्या मनात वाकडं आलं नाही. माझी किल्ली खालच्या ओळीत, सरांच्या शेजारी.

दुसऱ्या वर्षी माझ्या गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी चालू होताना निळसर धूर सोडायची आणि महिन्या दीड महिन्यातून एकदा रस्त्यात बंद पडायची. मुरुमच्या मिस्त्रीनं ठिणगी पाडणारा प्लग काढून दाखवला, काळाकुट्ट आणि ओला.

"सर, पेट्रोलमधी तेल टाकताव काय तुम्ही?"

"एक थेंब नाही. माझ्या गाडीत टाकायचंच नाही असं ठरलंय."

"मंग रिंगा गेल्यात."

पिस्टनच्या रिंगा बदलल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग मिस्त्री म्हणाला, पेट्रोलच खराब. मी पंपावर जाऊन वाद घातला, चारचौघांत आवाज चढवला, आणि तो पंप सोडून बारा किलोमीटर लांबच्या पंपावर जायला लागलो. प्रयोगाची अट म्हणून सरही बिचारे तिथं यायला लागले. मी प्लग घासायचो, ते शेजारी उभे राहून प्लग घासायची पद्धत सांगायचे. त्यांची गाडी कधी बंद पडायची नाही. कारण ते दर महिन्याला नवा प्लग बसवायचे, नखं कापावीत तसा. मला मात्र वाटायचं, हा माणूस जिंकणार. बिनतेलाची माझी गाडी रोज मरतीय आणि तेलाची त्यांची धावतीय, हे तर दिसतच होतं.

मुलगी बारावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला तिचा नंबर धाराशिवला आला. सकाळच्या एसटीनं पोचायला उशीर झाला असता, म्हणून आम्ही अंधार असतानाच गाडीवर निघालो. येणेगूरला हायवेला लागलो. जळकोटच्या अलीकडं गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. प्लग काढला, घासला, बसवला. अर्धा किलोमीटर गेली, पुन्हा बंद. जवळचा नवा प्लग घातला, तोही जळकोटच्या फाट्यावर ओला झाला. उजाडलं. पोरगी नुसती घड्याळाकडं बघत होती. शेवटी एका टेम्पोला हात केला, तुळजापूरला उतरून दुसरी जीप धरली. परीक्षेच्या ठिकाणी पोचलो तेव्हा फाटक लागून बारा मिनिटं झाली होती. मी आतल्या माणसाला हात जोडले. माझ्या आयुष्यात मी इतके हात कोणाला जोडलेले नाहीत. तो भला माणूस होता, पण नियम त्याच्याही हातात नव्हता. वर्ष गेलं. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बापाला एवढं एक काम होतं, पोरीला वेळेवर पोचवायचं.

संध्याकाळी सर घरी आले. मग मला म्हणाले, "प्लग कसला होता? ओला का कोरडा?"

माझी बायको चहा घेऊन आली होती. तिनं कप तसाच परत उचलला. "पोरीचं वर्ष गेलं, अन् तुमी प्लग इचारायलाव? माणूस हाव का कोण हाव?"

सर उठले, चप्पल घातली आणि गेले. मलाही त्यांचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले, हातात भौतिकशास्त्राची पुस्तकं घेऊन. बायकोनं दार अर्धंच उघडलं. ते बाहेरूनच म्हणाले, "पुढल्या वर्षीपर्यंत मी रोज शिकवीन हिला." आणि खरंच रोज आले. ऊन असो, ताप असो, सात वाजता दारात. एक पैसा घेतला नाही. बायकोचा राग वितळला, सातच्या चहात त्यांच्यासाठी साखर कमी पडायला लागली, कारण त्यांना मधुमेह आहे हे तिनं काढून घेतलं होतं. मी तर गावभर सांगत सुटलो की असा मित्र मिळायला नशीब लागतं. आणि आणखी एक झालं. त्या वर्षी माझी गाडी एकदाही बंद पडली नाही. मी त्याचं श्रेय मिस्त्रीनं बसवलेल्या नव्या प्लगला दिलं.

फेब्रुवारीत दोन्ही गाड्यांचे चाळीस हजार पुरे झाले. एप्रिलअखेर सर निवृत्त होणार होते. शाळेत इंजिन उघडायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली नाही, म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही मिस्त्रीकडं गेलो. मी, सर आणि माझी मुलगी. तिचा तर मानच होता.

मिस्त्रीनं दोन पोती अंथरली. एकावर सरांच्या इंजिनाचे भाग, दुसऱ्यावर माझ्या. दोन्ही पिस्टनांच्या माथ्यावर काजळीचा जाड थर होता, तव्याला जुनं तेल जळून बसतं तसा. मिस्त्री उकिडवा बसून एकदा इकडं बघायचा, एकदा तिकडं. मग म्हणाला, "सर, ह्या दोघी एकाच आईच्या दुधावर वाढल्यात की."

"म्हणजे?"

"हिलाबी तेल गेलंय वरून. लई दिवस. तेल खाली कामाचं असतंय, वर गेलं की नुसतं जळतंय, त्याची काजळी बसती, प्लग मरतोय. म्या तवाच इचारलं होतं तुम्हाला."

"अरे बाबा, मी एक थेंब—"

मिस्त्री माझ्याकडं बघत नव्हता, सरांकडं बघत होता. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"मी घालत होतो," ते म्हणाले.

मग सांगत गेले, वर्गात सांगतात तसं, एकेक पायरी. "पहिले सहा महिने नाही घातलं. खरंच नाही. मग उन्हाळ्यात एक दिवस तुम्ही गाडी चालू केलाव, अन् आवाज ऐकला मी. कोरडा. मला ते बघवंना झालं. वाटलं, एका प्रयोगापायी आपण ह्या माणसाची गाडी मारायलोय. मधल्या सुट्टीत खिळ्यावरची किल्ली घ्यायची, टाकीचं झाकण उघडून टोपण ओतायचं, किल्ली परत ठेवायची. जास्त नाही. दर लिटरला एक."

मी विचारलं, "परीक्षेच्या आदल्या दिवशी?"

"दोन टोपणं जादा," सर म्हणाले. "लांब जायचं होतं तुम्हाला म्हणून."

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो नाही, एवढंच. तिथून बाजूला झालो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. एवढी वर्षं प्लग घासलेले, पंपवाल्याला घातलेल्या शिव्या, ते फाटक, ते जोडलेले हात, सगळं डोक्यात एकदम आलं. त्या फाटकानंतर वर्षभर गाडी एकदाही का बंद पडली नाही, तेही तेव्हा कळलं. सगळ्यात जास्त राग कशाचा आला, तर त्यांनी हे माझ्या भल्यासाठी केलं याचा. वाईटासाठी केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सर माझ्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले. "तुला आधी सांगीन म्हटलं होतं. माझं चुकलं."

ती पोत्यावरच्या पिस्टनकडं बघत होती. तिकडं बघतच म्हणाली, "पण सर, उत्तर तर मिळालंच नाही. पपांची गाडी बिनतेलाची होती कुठं?"

"नाही मिळालं," सर म्हणाले. "प्रयोग मीच नासवला."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "उद्या येणार न्हवं शिकवायला? चुंबकत्व ऱ्हायलंय."

ते आले. पोरगी शिकली, मेमध्ये परीक्षेला आम्ही आदल्या दिवशीच एसटीनं धाराशिवला जाऊन राहिलो, ती पास झाली, आज नोकरी करते. तिनं त्यांना माफ केलं ते तिथंच, त्या पोत्याशेजारी. मला नाही जमलं. ते घरी यायचे तेव्हा मी मागच्या दारानं बाहेर पडायचो. शाळेत जाता येता त्यांची गाडी पुढं असली की मी मुद्दाम मागं राहायचो. आणि स्टाफरूमच्या फळीवरची माझी किल्ली मी काढून घेतली, खिशात ठेवायला लागलो. माझी गाडी हलवायची तर शिपायाला माझ्या वर्गापर्यंत यावं लागायचं. सगळ्यांना तो रिकामा खिळा दिसायचा, कोणी काही विचारलं नाही. सरांना तर तो रोज दिसायचा, त्यांच्याच किल्लीशेजारी.

एप्रिलचा शेवटचा दिवस आला. सकाळी स्टाफरूममध्ये ते आपलं कपाट रिकामं करत होते. ड्रॉपर, भिंगं, वाकडं झालेलं थर्मामीटर, आणि तळाशी बाटली. मी आत गेलो. काही बोलायचं ठरवून गेलो होतो. त्याऐवजी खिशातून किल्ली काढली आणि खिळ्याला अडकवली. त्यांनी मान वर करून फळीकडं बघितलं. मी तासाला निघून गेलो.

निरोपाच्या वेळी पोरांना मैदानात बसवलं होतं. हार झाला, भाषणं झाली. सर उभे राहिले आणि म्हणाले, "पेट्रोलमधी तेल घातल्यानं इंजिन चांगलं ऱ्हातंय असं मी तुम्हाला सांगत आलो. ते चूक होतं. ज्या गाडीला लागत नाही तिला घालू नये. अन् हे तपासायला जो प्रयोग केला, त्यात मीच हात घातला. प्रयोगात हात घालू नये. त्यानं एका पोरीचं वर्ष गेलं." एवढं बोलून ते खाली बसले. पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. भाषण लवकर संपलं म्हणून वाजवल्या असाव्यात, कारण त्यातल्या निम्म्यांना ते कशाबद्दल बोलले हेच कळलं नव्हतं. मी मागच्या रांगेत होतो. पुढं जाऊन त्यांना मिठी मारावी असं वाटलं आणि मारली नाही. त्याची रुखरुख अजून आहे. पुढं ते धाराशिवला पुतण्याकडं राहायला गेले, आणि गेल्या वर्षी तिथंच वारले.

पण मला जे सांगायचंय ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. कार्यक्रम संपल्यावर मी स्टाफरूममध्ये आलो. सर निघून गेले होते. फळीवर शेजारी शेजारी दोन खिळे, एक रिकामा, एकावर माझी किल्ली. किल्ली दुपारभर तिथंच होती. मधली सुट्टी होऊन गेली होती. शेडमधल्या सगळ्या गाड्या गेलेल्या, माझी एकटीच उभी होती.

मी टाकीचं झाकण उघडलं आणि वाकून वास घेतला. मग बोट बुडवून दोन बोटांत चोळून बघितलं. नुसतं पेट्रोल होतं, बघता बघता उडून गेलं. तेलाचा ओशटपणा कुठंच नव्हता. मी बराच वेळ ते बोट नाकाशी धरून उभा राहिलो. मग झाकण लावलं आणि गाडी चालू केली. पहिल्या किकला चालू झाली. घरापर्यंत वीस किलोमीटर ती एकदाही अडखळली नाही, आणि वीस किलोमीटर मी रडत आलो.